पंचनाम्यात न दिसलेली एकतीस विवरणे

मला उन्हाळा आवडतो असे म्हणणारा माणूस चंद्रपुरात शोधूनही सापडणार नाही. एकेकाळी तो माणूस मी होतो. माझे कारण साधे होते आणि थोडे दुष्टही. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात लोक वाद घालीत नाहीत. कार्यालयात आलेला तक्रारदार आधी पाणी मागतो, टेबलाचा काठ धरून उभा राहतो, आणि त्याला नियम वाचून दाखविला की मान डोलावून निघून जातो. नियम वाचून दाखविणे हे माझे काम होते. त्यात मला आनंद होत असे, हे आज लिहिताना लेखणी अडखळते, पण ते खरे आहे.

यंदाचा मे लागला आहे. ऊर्जानगरच्या वीज कंपनीच्या बसेस दुपारी जवळजवळ रिकाम्या धावतात. सायकलवाले डोक्याला ओला दुपट्टा बांधून भिंतींच्या सावलीकाठाने जातात. आणि गडचिरोलीकडून तेंदूपत्त्याचे ट्रक येऊ लागले आहेत. ताडपत्रीखाली दाबलेल्या पोत्यांचा वास, सुकलेल्या पानांचा, किंचित कडसर, त्यावर शिंपडलेल्या पाण्याने ओलावलेल्या गोणपाटाचा, ट्रक निघून गेल्यावरही रस्त्यावर रेंगाळतो. तो खिडकीतून आत आला की मी उठून खिडकी लावतो. सौभाग्यवती कूलरमध्ये पाणी ओतता ओतता म्हणतात, "लावा, लावा. वासाच्या नावानं कोणाले पत्र लिहिता येत नाई, म्हणून लावता."

त्यांचे बरोबर आहे. मी पत्रे लिहिणारा माणूस आहे. बंद पडलेल्या पथदिव्याविषयी मी नगरपालिकेला लिहिले आहे, फलाटावरच्या मोडक्या बाकाविषयी रेल्वेला लिहिले आहे, मार्कंड्याच्या जत्रेत भाविकांना पाण्याच्या टाकीपाशी तासभर ताटकळत ठेवल्याविषयी थेट जिल्हाधिकाऱ्यांना लिहिले आहे. "महोदय" या शब्दाने सुरू होणारा माझा संताप कलम, पोटकलम आणि परंतुक यांच्या पायऱ्या उतरत शेवटी "आपला विश्वासू" येथे येऊन शांत होतो. कायद्याचे शिक्षण मी नोकरी सांभाळून घेतले. सनद घेतली नाही, पण युक्तिवादाची चव जिभेवर राहिली. या सगळ्या पत्रांच्या प्रती माझ्यापाशी आहेत. एकच कागद असा आहे की तो मी लिहिला, त्यावर माझी सही आहे, आणि तो मला उघडून वाचवत नाही. तो सात पानांचा चौकशी अहवाल आहे.

तेव्हा एकविसावे शतक नुकतेच लागले होते. आमच्या कार्यालयाचा संबंध वनोपजाच्या हंगामाशी येत असे. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण जे घडले ते माझ्या हातून घडले, आणि नावाच्या पाटीमागे उभे राहण्याची सोय मला आता नको आहे. मे महिन्यात जंगलातली माणसे पहाटे तेंदूची पाने तोडतात, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते गावच्या संकलन केंद्रावर नेऊन देतात. या केंद्राला आमच्याकडे फळी म्हणतात. कोणाच्या नावे किती पुडे आले, हे फळीवरचा मुन्शी कागदावर टिपतो. हे कागद पूर्वी जीपने, कधी एस. टी.च्या कंडक्टरच्या हाती, आठ-आठ दिवसांनी चंद्रपूरला पोचत. त्या वर्षी एटापल्लीच्या केंद्रात संगणक आला. छतावर उपग्रहाची तबकडी बसली, खोलीत इन्व्हर्टर आला, आणि बत्तीस फळ्यांची बत्तीस विवरणे रोज सकाळी अकराला थेट आमच्या कार्यालयात यावीत असे ठरले. अशी व्यवस्था झालेले ते आमचे पहिलेच केंद्र.

ती विवरणे पाठवायला हंगामापुरती एक मुलगी नेमली होती. सुमन हिचामी. एटापल्लीजवळच्याच एका पाड्यावरची, माडिया घरातली, बारावीनंतर संगणकाचा अभ्यासक्रम गडचिरोलीला राहून पुरा केलेली. मी तिला तोवर पाहिलेले नव्हते. तिचा फक्त आवाज मला ठाऊक होता, आणि तोही फोनवरचा, मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत असलेला.

हंगामाच्या चौथ्या दिवशी तक्रार आली. एटापल्लीहून रोज बत्तीसपैकी एकच विवरण येते. सुमन म्हणत होती, सगळी पाठवते. आमचा लिपिक म्हणत होता, एकच मिळते. प्राथमिक चौकशी माझ्याकडे आली. चौकशीचा आदेश मीच मसुदा करून साहेबांच्या सहीला ठेवला, आणि त्यात मोठ्या कौतुकाने एक वाक्य घातले: "फायरवॉलवरील मॉनिटर या साधनाच्या साहाय्याने, पंचांसमक्ष, प्रत्यक्ष तपासणी करण्यात यावी."

हे वाक्य मला का सुचले, ते सांगितले पाहिजे. कार्यालयात एकच खोली थंड होती, ती यंत्रांची. मे महिन्यात त्या खोलीत जायला प्रत्येकाला काही ना काही काम निघे. मलाही निघे. तिथे सलीम शेख बसत. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातले. वडिलांचे शिलाई यंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान, आणि यंत्राच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्याचा कान वडिलांकडून आलेला. बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी आधी ज्या यंत्रापाशी थांबते ती फायरवॉल, म्हणजे दिसायला एक चपटा, सतत घोंघावणारा डबा, त्यांच्या ताब्यात होती. काळ्या पडद्यावर ते एखादी कमांड टाइप करीत, आणि खालून वर पांढऱ्या ओळी सरकू लागत. कोण आले, कुठून आले, कोणत्या दाराने आले. मला ते दृश्य फार आवडले. साक्षीदार डोळे चोरतो, घसा खाकरतो, गाव आठवत नाही म्हणतो. इथे साक्ष सरळ ओळीत उमटत होती. एखाद्या कलमाचा क्रमांक पाठ व्हावा तशी ती एक कमांड मला पाठ झाली: एफडब्ल्यू मॉनिटर. माझे त्या विषयाचे सारे ज्ञान एवढेच होते, आणि ते पुरेसे आहे अशी माझी खात्री होती.

पंचनाम्याच्या दिवशी खोलीत आम्ही चौघे होतो. मी, सलीम, आणि पंच म्हणून आमचा शिपाई व बाजूच्या कार्यालयातला एक टंकलेखक. दोघेही पंच थंडाव्याला आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेले होते.

सलीम म्हणाले, "साहेब, एक मिनिट. हे लावायच्या आधी अ‍ॅक्सेलरेशन बंद करा लागते."

"बंद म्हणजे? यंत्रात बदल करणार?"

"बदल म्हणजे काय जी, दोन मिनिटांसाठी. मग पुन्हा चालू करून देतो."

"पंचनाम्यापूर्वी घटनास्थळाच्या स्थितीत फेरफार करणे याला काय म्हणतात, ठाऊक आहे?"

"घटनास्थळ कुठी आहे साहेब? डबा आहे हा."

शिपाई हसला. मी त्याच्याकडे पाहिले. तो गप्प झाला. सलीम मात्र थांबले नाहीत. "बरं, बंद नका करू. मग एक दुसरी कमांड आहे, एफडब्ल्यूअ‍ॅक्सेल कॉन्स. तेही पाहून घेऊ. काऊन का, वेगवान वाटेनं गेलेले याच्यात—"

"आदेशात ती कमांड आहे का?"

"नाई."

"मग आपण ती कोणत्या अधिकारात चालविणार?"

सलीमनी खांदे उडविले आणि कळफलक जवळ ओढला. मला वाटले, मी कायद्याचे रक्षण केले.

एटापल्लीचा फोन जोडला आणि त्याचा आवाज सर्वांना ऐकू येईल असा मोठा केला. "हॅलो, हिचामी बोलून राह्यली. लाइन आहे साहेब. पाठवू का?"

"पाठवा."

पडद्यावर एकाच जोडणीच्या चार-पाच ओळी सरकल्या आणि थांबल्या. डबा घोंघावत राहिला. मी घड्याळ पाहिले, वेळ लिहिली.

"झालं साहेब," ती म्हणाली.

"किती पाठविली?"

"बत्तीस. बत्तीसही गेले. इथी गेले म्हणूनच दाखवते."

"इथे एकच दिसते, बाई."

पलीकडून इन्व्हर्टरची बारीक शिट्टी तेवढी ऐकू आली. मग ती म्हणाली, "असं कसं होईन साहेब? मी पुन्हा पाठवतो ना. तुमी पाहा."

तिने पुन्हा पाठविली. या खेपेला पडद्यावर एकही ओळ उमटली नाही. एकसुद्धा नाही.

त्यावर तरी मला शंका यायला हवी होती. खोटे बोलणारा माणूस पकडला गेला की दुसऱ्या खेपेस जास्त सावध होतो, निदान दोन-चार विवरणे तरी पाठवितो. सगळे ऐकत आहेत हे ठाऊक असताना तो काहीच न पाठविता "झालं" म्हणत नाही. इतकी साधी गोष्ट न्यायालयातला नवखा वकीलही बोलून दाखवील. पण माझ्यापाशी आता दोन पुरावे होते. लिपिक म्हणत होता एक, आणि फायरवॉल म्हणत होती एक. दोन स्वतंत्र पुरावे जुळले की माझ्यासारख्या माणसाचे विचार करणे संपते, आणि लिहिणे सुरू होते.

"साहेब," ती फोनवर म्हणाली, "मी ते काऊन ठेवीन? त्याच्यात माह्या मायचंही नाव आहे. आठ दिवसांपासून पानं तोडून राह्यली ते. आपल्या मायचं नाव कोणी दाबते का?"

मी लिहिले: "सदर कर्मचाऱ्याने भावनिक स्वरूपाचा, मूळ मुद्द्याशी अप्रस्तुत युक्तिवाद केला."

त्यानंतर सलीमचा जबाब घेतला.

"पडद्यावर एकूण किती जोडण्या दिसल्या?"

"एक. पण साहेब, ते—"

"एक की अनेक?"

"दिसली एकच. पण दिसणं अन्—"

"शेख, विचारले तेवढेच सांगा."

"एक," सलीम म्हणाले, आणि पडद्याकडे पाहत राहिले.

छापील कागद पाकिटात घालून लाखेने मोहरबंद करायचा होता. यंत्रांच्या खोलीत काडी पेटवायला सलीमनी मनाई केली, म्हणून आम्ही व्हरांड्यात आलो. बाहेरच्या उन्हात लाख घट्टच होईना. मोहर उमटायची आणि पुन्हा सपाट व्हायची. शिपायाने अंगठा भाजून घेतला. शेवटी ते पाकीट थंड खोलीत नेऊन ठेवले, तेव्हा लाख धरली. मी इतका काटेकोर माणूस होतो.

पंचनाम्यानंतर चौथ्या दिवशी अहवाल गेला, पाचव्या दिवशी सुमनला काढल्याचा आदेश निघाला. हंगामी नेमणूक असल्यामुळे तिला नोटीस देण्याचीही कायद्याने गरज नव्हती. तरी मी तिचे म्हणणे ऐकून घेतले होते, याचा मला अभिमान होता. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मी पाळले असे मी घरी जेवताना सांगितले. सौभाग्यवतींनी विचारले, "मुलगी काय म्हणत होती?" मी म्हणालो, "तेच, जे सगळेच म्हणतात." भाताबरोबर कैरीचे पन्हे होते, त्याची चव आठवते. माणसाला नको ते आठवते.

त्या मे महिन्याचे पुढचे दहा-बारा दिवस माझ्या स्मरणात उजेडाच्या एका पांढऱ्या पट्ट्यासारखे आहेत. डांबर वितळून चपलांना चिकटत होते. टेबलावरचे कागद वाऱ्याशिवाय कडेला वळत होते. एटापल्लीला चंद्रपूरहून एक अनुभवी माणूस पाठविण्यात आला होता. तोही रोज अकराला बत्तीस विवरणे पाठवीत होता, आणि रोज एकच मिळत होते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. अहवाल दिल्यानंतर त्या प्रकरणाशी माझा संबंध उरला नव्हता.

सांगायला आले ते सलीम. माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "चला साहेब, थंड्या खोलीत. एक दाखवायचं आहे."

त्यांनी आधी आमच्याच कार्यालयाचा, विवरणे घेणारा संगणक उघडला. त्यात एक आडबाजूचा फोल्डर होता. त्यात शेकडो फायली होत्या. रोजची एकतीस, ओळीने, पहिल्या दिवसापासून. सगळ्या फळ्यांच्या फायलींना एकच नाव द्यायचे ही पद्धत आमच्या कार्यालयानेच एटापल्लीला लेखी कळविली होती. आणि त्याच नावाची दुसरी फाइल आली की ती बाजूला टाकायची, अशी आमच्याच प्रोग्रामची रचना होती. लिपिक रोज समोरची एक फाइल उघडून पाहत होता. बाजूच्या फोल्डरमध्ये पाहा, असे त्याला कोणी सांगितले नव्हते. मी एक फाइल उघडायला लावली. पुडे देणाऱ्यांची यादी होती. चौथ्या ओळीत हिचामी आडनावाची एक बाई होती.

"पण फायरवॉलवर तर एकच दिसली होती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

अकरा वाजायला दोन मिनिटे होती. सलीमनी काळा पडदा पुढे घेतला. पलीकडून विवरणे निघाल्याचा फोन आला, आणि त्यांनी ती दुसरी कमांड टाइप केली, मी अधिकाराबाहेरची ठरविलेली. एफडब्ल्यूअ‍ॅक्सेल कॉन्स. पडदा भरून गेला. एकाखाली एक, एटापल्लीच्या त्याच यंत्राचा तोच क्रमांक. मी बोट लावून मोजू लागलो, तेव्हा सलीम म्हणाले, "मोजू नका, आहेत सारे."

मग त्यांनी मला समजावून सांगितले, अगदी सावकाश, जसे मी तक्रारदारांना सांगत असे. "जंगल नाक्यावर कसं असते साहेब? ठेकेदाराचा पहिला ट्रक आला का त्याची पुरी झडती. परवाना पाहते, पोते मोजते, रजिस्टरात लिहिते. त्याच्या मागून त्याच परवान्यावरचे ट्रक आले का त्याइले बाजूच्या रस्त्यानं सोडून देते. खोळंबा नको म्हणून. हा डबा तसाच आहे. पहिली जोडणी पूर्ण तपासते. बाकीच्या तशाच, त्याच ठिकाणाहून त्याच ठिकाणी, म्हणून वेगवान वाटेनं जाते. मॉनिटर म्हणजे त्या रजिस्टरवाल्या बाबूच्या खांद्यावरून पाहणं. बाजूचा रस्ता त्याले दिसतच नाई. ते पाहाचं असन त वेगवान वाट दोन मिनिट बंद करा, नाई त ही कमांड लावा. दुसऱ्या खेपेला तिनं पाठवले तवा पहिलीचा परवाना अजून चालू होता. म्हणून एकही नाई दिसली."

मी गरजलो. होय, त्या स्थितीतही मी गरजलो. "मग हे तुम्ही तेव्हा का सांगितले नाही?"

सलीम रागावले नाहीत. "सांगतलं जी," ते म्हणाले. "दोन खेपा सांगतलं. तिसऱ्यांदा तुमी म्हणले, विचारलं तेवढंच सांगा."

मी खोलीबाहेर पडलो, कपाटातून नस्ती काढली आणि जबाब वाचला. खाली, माझ्याच वळणदार अक्षरात, लिहिलेले होते: "साक्षीदाराने विचारल्याबाहेर बोलण्याचा वारंवार प्रयत्न केला, त्यास समज देण्यात आली." अज्ञान हा गुन्ह्याचा बचाव होत नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवितात. माझ्यापाशी तर अज्ञानही नव्हते. खरे माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले होते, आणि मी त्याला समज दिली होती. तशी नोंदही ठेवली होती.

यानंतर मी जे केले ते पहिल्या चुकीहून लाजिरवाणे आहे. मी तीन दिवस काहीच केले नाही. अहवाल सादर झाला की चौकशी अधिकाऱ्याचा अधिकार संपतो. आता आपण त्या प्रकरणात बोलणे हाच अधिकारातिक्रम होईल, असा युक्तिवाद मी स्वतःपुढे मांडला आणि स्वतःच मान्य केला. एका पथदिव्यासाठी पाच स्मरणपत्रे लिहिणारा माणूस एका मुलीसाठी तीन दिवस अधिकार शोधत बसला. चौथ्या दिवशी सौभाग्यवतींनी विचारले, "जेवत काऊन नाई?" आणि मी त्यांना सगळे सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, "तुमाले लिहिता त येते ना?"

मी लिहिले. पत्र चांगले उतरले, आणि तेच त्याचे पाप होते. "तपासणी साधनाच्या तांत्रिक मर्यादेमुळे पूर्वीचा निष्कर्ष वस्तुस्थितीशी विसंगत ठरत असून, संबंधित कर्मचाऱ्यास पूर्ववत कामावर घेण्यास हरकत नसावी." साहेबांनी त्याच दिवशी, त्याच शब्दांत आदेश काढला. टपालाने पाठवू नये, मी स्वतः नेऊन देतो, असे मी सांगितले. मोठेपणाचा एक शेवटचा तुकडा मला त्यातूनही मिळवायचा होता, असे आता वाटते. निघताना सलीम म्हणाले, "साहेब, तिथी जास्त बोलू नका."

आलापल्लीच्या पुढे जंगल रस्त्याच्या अगदी जवळ येते. बसमध्ये मोहफुलांच्या टोपल्या होत्या, त्यांचा गोड आंबूस वास होता. एटापल्लीहून सुमनच्या पाड्यापर्यंत एका दुधवाल्याने मला सायकलवर मागे बसवून नेले. मी छप्पन्न वर्षांचा, इस्त्रीचा सदरा घातलेला, मांडीवर नस्तीची पिशवी. पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. एका मोठ्या झाडाच्या सावलीत आठ-दहा माणसे बसली होती, पुढ्यात तेंदूच्या पानांचे ढीग. हात न पाहता चालत होते. पाने जुळवायची, देठ सारखे करायचे, सालीच्या दोरीने गुंडाळून गाठ. हंगामाचे शेवटचेच दिवस होते. त्यांत एक मुलगी होती. ती उठली, आणि तिच्या आवाजावरून मी तिला ओळखले.

"साहेब आले का चंद्रपूरचे? बसा जी." बाजेवरची पाने तिने सरकविली. तिच्या आईने पाणी आणून दिले. ती बाई माझ्याकडे न पाहता परत जाऊन बसली.

मी आदेश दिला. सुमनने तो उभ्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

"यात माहं नाव कुठी आहे?"

"संबंधित कर्मचारी, असा उल्लेख आहे. कार्यालयीन पद्धतीत—"

"काढलं तवाच्या कागदावर अकरा खेपा होतं. सुमन हिचामी, सुमन हिचामी. मी मोजलं ना. खोटी होती तवा नाव होतं, आता खरी झाली त संबंधित झाली का?"

मी नस्तीची पिशवी उघडली, पुन्हा मिटली.

"अन् हे काय, तांत्रिक मर्यादा," ती म्हणाली. "मशीननं काढलं का मले?"

"नाही. मी."

"मग तसं तोंडानं म्हणता येते का? मले नाई. मले मालूमच आहे. यायले सांगा." तिने पाने बांधणाऱ्यांकडे मान वळविली.

हात थांबले नव्हते, पण माना वर झाल्या होत्या. मी उभा राहिलो, आणि देवाशपथ सांगतो, मी "चौकशीअंती असे निष्पन्न झाले" अशीच सुरुवात केली. चार लांबलचक वाक्ये बोललो असेन. सुमनने ती माडियात सांगितली. तिला चार-पाच शब्दच लागले.

"एवढेच?" मी विचारले.

"तुमी बोलले ते एवढंच होतं. मी पाठवले होते, म्हणून सांगतलं."

"आणि मी... मला आमच्याच माणसाने तेव्हाच सांगितले होते. मी त्याला बोलू दिले नाही. तुम्ही आईचे नाव सांगितले, तेही मी ऐकून घेतले नाही. चूक माझी आहे. यंत्राची नाही."

मी हे कागदाशिवाय बोललो. सुमनने ते माडियात सांगितले नाही. ती खाली बसली, पानांचा ढीग पुढे ओढला. कामावर परत येण्याविषयी मी विचारले तेव्हा ती न पाहता म्हणाली, "हंगाम त संपला ना साहेब. पुढच्या वर्साचं पुढच्या वर्सी पाहू, अन् मलेच पाहू द्या." ती पुढेही आमच्याकडे कधी आली नाही.

झाडाच्या बुंध्याला टेकून एक म्हातारा बसला होता, सुमनच्या वडिलांचा मोठा भाऊ. मराठी त्याला येत होती. मी सबंध रस्ता मनाशी म्हणत आलो होतो की गावासमोर या मुलीची गेलेली पत मी परत देणार आहे. ती भावना माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. तो म्हणाला, "पोरीनं पाठवले, हे आमाले पयल्या दिवसापासून मालूम होतं जी. तिच्यावर कोणी काई बोललं नाई इथी. तुमाले मालूम होईन का नाई, तेवढंच पाहून राह्यलो होतो."

आजूबाजूला कोणी हसले नाही. त्यांना हवे असलेले, देण्यासारखे माझ्यापाशी काहीच नव्हते, आणि ते सगळ्यांना, बहुधा मी येण्याच्या आधीपासून, ठाऊक होते.

"एटापल्लीहून बस तीन वाजता आहे," सुमन म्हणाली. "उन्हात कुठी जाता आता? तोवर बसा."

मी बसलो. पाने जुळत होती, गाठी पडत होत्या, पुड्यांची रास वाढत होती. मधूनच कोणीतरी माडियात काही बोले, कोणी उत्तर देई. मला कोणी काही विचारले नाही, उठा असेही म्हणाले नाही. दोन वाजेपर्यंत मी तिथे होतो, इतक्या हातांच्या मधोमध, रिकामा.